जाणकारांची वही : पेस्ट कंट्रोलच्या धंद्यातल्या प्रकल्प नोंदी

२८ मे २०२५, परळ

पाऊस परवाच आला. २६ मे म्हणजे मुंबईसाठी फारच लवकर. छत्र्या माळ्यावरून काढायच्या आत पंखवाल्या वाळवीचे फोन सुरू झाले. रात्री ट्यूबलाइटभोवती थवा, सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर पंखांचा सडा आणि फोनवर एकच वाक्य, "ताई, मुंग्यांना पंख फुटलेत." मुंगी की वाळवी, एवढं आमची पोरं नुसतं बघून सांगतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि अंग सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि कंबर बारीक. गाडी अडते ती त्यापुढे. वाळवी आहे, पण कुठली? जमिनीतून वर चढलेली, की लाकडातच संसार थाटलेली? औषध, खर्च, औषध भरायला भिंतीला ड्रिलिंग करायचं की नाही, सगळं त्यावर ठरतं.

असे प्रश्न आजवर आम्ही ज्याच्याकडून मटेरियल घेतो त्या दुकानदाराला विचारत आलो. तो उत्तर देतो, नाही असं नाही. त्याचं उत्तर फक्त नेहमी बाटलीत मावणारं असतं.

म्हणून हा प्रकल्प. आम्ही चार छोटे पेस्ट कंट्रोलवाले एकमेकांना स्टेशनच्या नावाने हाक मारतो. मी परळ, मग माहीमच्या वहिनी, भांडुपदादा आणि वयाने सगळ्यात लहान वाशी. चौघांनी मिळून जाणकारांची एक वही तयार करायची, गणपती उरकेपर्यंत कामाला लागेल इतपत. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण म्हणे माझं अक्षर चांगलं. टाइपच करायचंय तरी.

३ जून

भांडुपदादा व्हिजिटिंग कार्डांचा डबा घेऊन आले. किती प्रदर्शनांतून गोळा केलीत देव जाणे. रिजनल हेड, बिझनेस मॅनेजर, सोल्यूशन एक्स्पर्ट. वहिनींनी डबा टेबलावर उपडा केला आणि विचारलं, "यातला कोण मला सांगेल की माटुंग्याच्या हॉटेलात झुरळं विषाचं जेल का खात नाहीयेत?" दादांनी चहा मागवला.

ठरलं ते असं. यादी प्रश्नांची करायची. प्रश्न आधी, माणूस नंतर. प्रत्येक प्रश्नापुढे रकाने : कुणाला विचारायचं, फोन कधी चालतो, मानधन किती, आणि त्याला काय दाखवायचं. हा शेवटचा रकाना माझा. बाकीच्यांना तो जास्तीचा वाटला, पण मी सोडला नाही. हातात काही नसताना जाणकाराला गाठलं की तो शिष्टाचाराने बोलतो. किडा समोर ठेवला की तो खरं बोलायला लागतो, असा माझा अंदाज आहे.

आधीच्या ओळखी किती आहेत हेही मांडून पाहिलं. आमच्या परवान्यासाठी शेतकीची किंवा रसायनशास्त्र विषय घेऊन विज्ञानाची पदवी लागते, शिवाय म्हैसूर, हापूर किंवा हैदराबादच्या संस्थेतलं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. परवाना देतं राज्याचं कृषी खातं. झुरळं मारायला कृषी खातं कशाला, असं गिऱ्हाईक नेहमी विचारतं. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन लागलेल्या धान्या-पिठातून शंभराहून जास्त माणसं दगावली, त्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. शेतातलं औषध आणि घरातलं औषध तेव्हापासून एकाच कायद्याखाली. या पंधरा दिवसांच्या वर्गात सोबत बसलेली माणसं हीच आमची पहिली ओळख. मी आणि दादा हैदराबादचे, वाशी म्हैसूरचा, म्हणजे अन्न संशोधन संस्थेतला. त्यामुळे गोडाऊनमधल्या किड्यांचं आणि विषारी गॅसच्या धुरीचं त्याला जास्त कळतं. पण वर्गमित्र म्हणजे आमच्यासारखेच. आम्ही अडतो तिथेच तेही अडतात.

९ जून

दादर, हिंदू कॉलनी, तिसरा मजला. आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट. घरमालकांनी निदान करूनच ठेवलं होतं, "वाळवी आहे, भिंतीला ड्रिलिंग करून द्या." भिंतीवर मातीची एकही रेघ नाही. कपाटाखाली मात्र खसखशीसारखे दाणे, रोज झाडले तरी रोज पडतात.

एका महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना मार्चमध्ये आम्ही मेल केला होता. कंपनीची माहिती, "आपले बहुमोल मार्गदर्शन लाभावे" वगैरे. उत्तर आलं नव्हतं. आज दुसरा मेल गेला. दाण्यांचा फोटो शेजारी पट्टी ठेवून, मजला, लाकूड, तारीख, भिंत कोरडी आहे एवढीच माहिती आणि खाली एक प्रश्न, हे कुणाचं? संध्याकाळी उत्तर हजर. "भिंगाखाली धरा. दाण्याला सहा बाजू दिसतात का?"

दहापट भिंगाखाली दिसतात. अगदी कोरल्यासारख्या.

म्हणजे कोरड्या लाकडातली वाळवी. हिला जमिनीशी देणंघेणं नाही. ती लाकडातच राहते, लाकडातच खाते आणि विष्ठेचे हे दाणे भोकातून बाहेर ढकलते. लाकूड पोखरणारा भुंगेरा असता तर दाणे नाही, बारीक पीठ पडलं असतं आणि वर गोल भोकं दिसली असती. बांधलेल्या इमारतींतल्या वाळवीसाठीचं भारतीय मानक, आयएस ६३१३ चा तिसरा भाग, आम्हाला पाठ आहे, पण त्यातलं जमिनीत औषध भरणं या कपाटाच्या काहीच कामाचं नव्हतं. कपाटाच्याच पोकळ्यांमध्ये सुईने औषध सोडलं, एक फळी पार गेलेली होती ती बदलायला सांगितली. ड्रिलिंगचं बिल हुकलं ते हुकलंच. दादा अजून टोमणे मारतात.

मॅडमनी मात्र लगेच आपलंही मागणं घातलं. विद्यार्थ्यांना मुंबईतले नमुने हवे असतात, तेव्हा वाळवी सापडली की सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये घालून, ठिकाण आणि तारीख लिहून पाठवा. शिपाई वाळवी शक्यतो हवी, कारण ओळख तिच्या डोक्यावरून आणि जबड्यावरून पटते. नुसते कामकरी पाठवलेत तर माझा वेळ जाईल. हा व्यवहार मला फार आवडला. कुणी कुणावर उपकार करत नाही.

१७ जून

महापालिकेच्या कीटकनाशक विभागातून निवृत्त झालेले एक अधिकारी. वहिनींच्या नात्यातले. वहीत त्यांना फक्त 'सर' म्हणायचं ठरलं, नाव नको म्हणाले.

दार उघडताच पहिला प्रश्न, "काय आणलंय?" लोअर परळच्या एका इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीतलं पाणी बाटलीत नेलं होतं, आत अळ्या. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, बाटली खिडकीशी धरली. "आडवी पडलीय, पाण्याला समांतर. अ‍ॅनोफिलीस. क्युलेक्स किंवा डेंग्यूच्या डासाची, एडिसची, असती तर शेपटाकडची नळी वर लावून डोकं खाली करून लटकली असती." एवढ्यात झालं. माझ्याकडे मायक्रोस्कोपच्या किमती विचारून आणलेला कागद होता, तो मी पर्समध्येच ठेवला.

मग दोन तास. सगळं इथे उतरवत नाही, पण हे उतरवायलाच हवं. मुंबईतला मलेरियाचा डास अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी. त्याला गटार नको, स्वच्छ पाणी लागतं. बेंटली नावाच्या डॉक्टरांनी १९११ मध्ये मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला तेव्हा बोट विहिरींकडे दाखवलं होतं. घरोघरच्या विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, असा तो सगळा प्रकार, आणि विहीर पवित्र मानणाऱ्यांचा त्याला विरोधही भरपूर झाला. आता विहिरी गेल्या. गच्चीवरच्या टाक्या आल्या, बांधकामाच्या साइटवर साठवलेलं पाणी आलं, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी आलं. डासाला काहीच फरक पडला नाही.

सरांचा राग धुरावर. "धूर आला की सोसायटी खूश. धुराने त्या वेळी उडत असलेले डास मरतात. टाकीतली अळी खाली मजेत असते, आठवड्याभरात नवी पलटण तयार." त्यांच्या मते कुठल्याही इमारतीत आधी गच्ची बघायची. टाकीचं झाकण बसतं का, हवेच्या पाइपाला जाळी आहे का, आणि टाकीपर्यंत चढायला शिडी आहे का. शिडी नसली की तपासणीला आलेला माणूस खालूनच शेरा मारून जातो. एडिससाठी घराच्या आत बघायचं : फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, मनीप्लांटची बाटली. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन् महिने टिकतात, म्हणून पाणी ओतून भागत नाही, भांडं घासायला लागतं.

आणि कायदा. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, कलम ३८१ ब. डासांची पैदास आढळली की या कलमाखाली पालिका मालकाला नोटीस काढते. आमच्यासारख्यांच्या सांगण्याने सेक्रेटरी हलत नाही, नोटिशीने हलतो. त्यामुळे सरांची आमच्याकडून अपेक्षा एकच : टाकीत स्टीफेन्सीची अळी दिसली तर नुसतं औषध टाकून बिल करू नका, वॉर्ड ऑफिसला कळवा. लालबाग-परळ म्हणजे एफ दक्षिण, दादर-माहीम जी उत्तर, भांडुप एस. वर्षाचा करार (एएमसी) केलेल्या सोसायटीची तक्रार आपणच करायची, हे दादांना पटलेलं नाही. मला पटलंय, पण सोसायटीला आधी सांगून, आणि दुरुस्तीला चार दिवस देऊन.

फोन सकाळी आठ ते दहा. मानधन घेत नाहीत. दाखवायचं : अळी, जिवंत.

२५ जून

देशभरातल्या पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत शिरलो. सकाळी सुप्रभात, दुपारी 'बेस्ट रेट', कुणी किड्याचा फोटो टाकला की खाली औषधांच्या नावांची रांग. किडा कुठला हे कुणीच विचारत नाही. लिंक्डइनवर सगळे कुणाचं ना कुणाचं अभिनंदन करताहेत. म्यूट.

२ जुलै

माटुंग्याचं हॉटेल. उडपी पद्धतीचं, पहाटे पाचला चूल पेटते. लहान जर्मन झुरळं, वहिनींचं जेल लावून महिना झाला, फरक नाही. मालक म्हणतात, पूर्वीचं औषध बरं होतं, वास यायचा. तो वास डायक्लोरव्हॉसचा. २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. गिऱ्हाइकाच्या नाकातून तो अजून गेलेला नाही.

एका औषध कंपनीतले टेक्निकल ऑफिसर यायला तयार झाले. विक्रीवाले नव्हेत, हा फरक महत्त्वाचा. त्यांनी आधीच सांगितलं होतं की हॉटेलातली जिवंत झुरळं बरणीत धरून ठेवा, आधी जेल बघणार नाही, झुरळ बघणार. बरणीत रात्रभर उपाशी ठेवलेली झुरळं आणि दोन कार्डांवर दोन जेल : वहिनी वापरत होत्या ते फिप्रोनिलचं, आणि दुसरं इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्क्यांचं. साखरेचीच चव नकोशी झालेली जर्मन झुरळं अमेरिकेत १९९० च्या दशकातच सापडली आहेत, तसं काही इथे असेल तर खाण्यावरून कळेल, असा हिशेब.

झुरळांनी दोन्ही खाल्लं. मेलीही.

मग दोष जेलचा नाही. साहेब ओट्याखाली टॉर्च घेऊन आडवे झाले आणि पोऱ्याला विचारलं, "रात्री काय मारतोस रे?" पोऱ्याने फडताळामागून स्प्रेचा डबा काढला. रोज हॉटेल बंद करताना जेलच्या ठिपक्यांवरच फवारा. त्या फवाऱ्याने झुरळं दूर पळतात, मग जेलजवळ येणार कोण? स्प्रे बंद, जुने ठिपके पुसून जागा धुतल्या, नवे ठिपके लहान आणि जास्त ठिकाणी लावले. पुढची फेरी पंधरवड्याने ठरली. मादी अंड्यांची पिशवी फुटायच्या बेतापर्यंत अंगावरच वागवते, एका पिशवीत तीस-चाळीस पिल्लं, ती बाहेर पडल्यावर त्यांनाही खायला जेल शिल्लक हवं. मालकांना अन्नसुरक्षा नियमांच्या शेड्यूल ४ ची आठवण करून दिली, कीड नियंत्रणाची नोंद ठेवणं त्यात येतं. तेवढ्याने ते गंभीर झाले.

वहीतला शेरा : विश्वासू माणूस, पण कंपनीचा पगार घेतो. किड्याबद्दल बिनधास्त विचारावं, औषधाचं नाव दुसरीकडून पडताळावं. त्यांना हे वाचून दाखवलं. हसले आणि म्हणाले, "मीही असंच लिहिलं असतं."

१० जुलै

आजचा माणूस पदवीवाला नाही. पालिकेचा रात्रपाळीचा मूषक संहारक, हातात काठी आणि टॉर्च. सरांनी नाव सांगितलं म्हणून भेट झाली. आम्ही त्यांना मामा म्हणतो. फोटो काढायचे नाहीत, ही त्यांची अट.

लालबागच्या मिरची गल्लीमागे एका गोडाऊनमध्ये पोती फाटत होती. आम्ही विषाचे केक ठेवून थकलो होतो. मामांनी केककडे पाहिलंच नाही, बिळांकडे पाहिलं. तोंडाशी ताज्या मातीचा ढिगारा : ही लहान घूस. ती बिळात धान्याचा साठा करते. साठा असताना तुमचा केक ती कशाला खाईल? माळ्यावरून, पाइपांवरून पळणारा तो काळा उंदीर. त्याच्यासाठी जमिनीवर काही ठेवणं वाया. एकाच गोडाऊनमध्ये दोघांचं राज्य, आणि आम्ही दोघांना एकच आमिष घालत होतो.

त्यांची रीत : संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची, सकाळी बघायचं. जी उघडली ती चालू. काम त्यांच्यावरच. झिंक फॉस्फाइड वापरायचं तर आधी दोन-तीन रात्री बिनविषारी आमिष द्यायचं, कारण घुशीला पहिल्याच घासाला त्रास झाला आणि ती वाचली तर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. ब्रोमाडायोलोनला हा त्रास नाही. मरायला काही दिवस लागतात, त्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही. ०.००५ टक्क्यांचा हा केक चुकून पोराबाळाने खाल्ला तर उतारा व्हिटॅमिन के-१, हे गोडाऊनच्या भिंतीवर लिहून लावलं. सगळ्यांत शेवटी मामांनी विचारलं, "बूट कुठेत तुमच्या पोरांचे?" लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. उंदराच्या लघवीचं पाणी आणि पायाला जखम, एवढं पुरतं. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर ते मुंबईने पाहिलंय. दुसऱ्या दिवशी पोरांना गमबूट आणले.

परत येताना हाफकिनच्या फाटकावरून आलो. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला, पुढे हाफकिन यांची प्रयोगशाळा याच परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. उंदरांचा अभ्यास या गावाने सव्वाशे वर्षांपूर्वीच सुरू केलाय, आणि त्यातलं बरंचसं आज रात्रपाळीच्या माणसाच्या काठीत आहे.

दाखवायचं : बीळ. इथे बाटली चालत नाही, माणसालाच न्यावं लागतं. फोन दुपारी चारनंतर. मानधन : खाली बघा.

१६ जुलै

मानधनावरून जोरात वाद. दादांचं म्हणणं, ओळखीत पैसे आले की ओळख संपते. वाशीचं म्हणणं, पैसे दिले नाहीत की तिसऱ्या फोनला माणूस उचलत नाही. मी वाशीच्या बाजूने. मामांचा जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळेचे पैसे चौघांनी वाटून द्यायचे. मॅडमना पैसे नको आहेत, नमुने हवे आहेत, तर नमुने वेळेवर आणि नीट लेबल लावून. सरांना वॉर्डात केलेल्या तक्रारीची प्रत. फुकट सल्ला ही गोष्टच वहीत नसेल, प्रत्येकासमोर काहीतरी लिहिलेलं हवं.

दुसरा नियम वहिनींचा. एकाने दुसऱ्याच्या साइटवर जाणकार नेला तर गिऱ्हाईक पहिल्याचंच. भांडण झालं तर वही बंद. सगळे हो म्हणाले.

७ ऑगस्ट

दादरला कबुतरांना दाणे घालणं थांबवायला कबुतरखान्यावर पालिकेने टाकलेली ताडपत्री काल आंदोलकांनी काढली. सगळ्या गावाला त्यावर मत आहे. माझं मत विचाराल तर मी जाळीवाल्याच्या बाजूची, पण आजचा मुद्दा वेगळा.

तिथून जवळच्याच इमारतीतून वहिनींकडे ढेकणांची तक्रार. अंगावर लाल पुरळ, खाज, रात्री जास्त. आधीच्या एका पेस्ट कंट्रोलवाल्याने गाद्यांवर दोनदा फवारणी केलेली. वहिनींनी पलंगाचे सांधे उघडले, गादीच्या शिवणी पाहिल्या. ढेकूण नाही, कात नाही, काळे ठिपके नाहीत. मग पारदर्शक चिकटपट्टी एसीखालच्या भिंतीवर दाबून घेतली. पट्टीवर हलणारे ठिपके, मिलिमीटरपेक्षा लहान. फोटो मॅडमकडे. "आठ पाय. किडाच नव्हे, पक्ष्यावरची माइट. घरटं शोधा."

घरटं एसीच्या बाहेरच्या युनिटमागे. पिल्लं उडून गेलेली, घरटं तसंच. कबुतर गेलं की या माइट खाणं शोधत भिंतीच्या फटीतून आत येतात आणि माणसाला चावतात. घरटं काढलं, जागा साफ केली, जाळी लावली, आत फक्त खिडकीच्या कडेला औषध. गाद्यांना हात लावला नाही.

त्या घरच्या मुलीचं पुरळ पाहणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंना वहिनींनी चिकटपट्टीच नेऊन दाखवली. त्यांनी ती ठेवून घेतली, आणि संध्याकाळी त्यांचाच फोन : दवाखान्यात अशी आणखी कुटुंबं येतात, घर बघायला याल का? आजवर आम्ही डॉक्टरांकडे कार्डं ठेवून आलो, एकानेही गिऱ्हाईक पाठवलं नव्हतं.

१९ ऑगस्ट

कालपासून धो धो. लोकल बंद, उद्याची बैठक रद्द. २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन, रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला तो दिवस. सर बोलणार होते. फोनवरच बोलू म्हणाले.

त्याऐवजी आज फोनवर वाशीचा म्हैसूरचा वर्गमित्र. न्हावाशेव्याला कंटेनरची धुरी करतो. सगळं देशी (एनएसपीएम) आणि आंतरराष्ट्रीय (आयएसपीएम) मानकांनी : मिथाइल ब्रोमाइडला एनएसपीएम १२, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडला एनएसपीएम २२, लाकडी पेटीला आयएसपीएम १५ आणि त्यात उष्णतेचा मार्ग घेतला तर लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश, तीस मिनिटं. त्याचं जग मापांचं आहे. त्याला विचारायचं होतं ते अंधेरीच्या एका गिऱ्हाइकाचं. घरात लग्न, ढेकूण झालेत, "गोळ्या ठेवून टाका, दोन दिवस गावी जातो."

तो फोनवरच ओरडला. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची तीन ग्रॅमची एक गोळी हवेतला ओलावा घेऊन एक ग्रॅम फॉस्फिन हा विषारी गॅस सोडते. ताडपत्रीखाली, मापं घेऊन, गॅस मोजणारं यंत्र लावून ते करायचं काम. फ्लॅटला डक्ट असतात, फॉल्स सीलिंग असतं, स्लॅबला भेगा असतात, गॅस शेजारच्या घरात उतरतो. उतारा नाही. कायद्यानेही या गोळ्या सर्रास विकायच्या नाहीत, आणि वापरायच्या त्या सरकारी किंवा मान्यताप्राप्त माणसाच्या देखरेखीखाली. घरात झोपलेली माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात, तरी मागणारे आणि ठेवणारे दोन्ही आहेत.

अंधेरीला नाही म्हटलं. वाफ, कपडे गरम पाण्यात, पलंगाचे सांधे उघडून हाताने काम, आणि दोन आठवड्यांनी दुसरी फेरी, कारण अंड्यांवर औषधाचा भरवसा नाही. आपल्याकडच्या ढेकणांवर जुनी पायरेथ्रॉइड औषधं कमी चालतात हेही सांगितलं. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. दुसऱ्याने काय केलं ते विचारायची हिंमत झाली नाही.

९ सप्टेंबर

विसर्जनाची गर्दी ओसरल्यावर पहिलं काम : पवईच्या टॉवरला बाराव्या मजल्यावर आग्या मोहोळ. सेक्रेटरींना संध्याकाळपर्यंत फवारा हवा होता. आरेतल्या पाड्यावरचे एक काका मध काढतात, त्यांना दादांनी आणलं. काकांनी खालून बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले, पोळ्याला मध नाही, पिल्लं नाहीत, वाट बघा, स्वतःच उठेल. आग्या मोहोळ जागा बदलत राहतं. औषध मारलं असतं तर चवताळलेल्या माश्या खालच्या खेळाच्या जागेवर उतरल्या असत्या. सेक्रेटरी नाराज, तरी खिडक्या बंद ठेवून थांबले. खरंच, पोळं रिकामं झालं. बिल फक्त काकांचं आणि रिकामं पोळं काढण्याचं झालं. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत पोरांपैकी एकाला पाठवायचं दादांच्या मनात आहे.

१९ सप्टेंबर

वही आता अशी आहे. वाळवी, माइट आणि कुठलाही न ओळखता येणारा किडा : मॅडम. डास आणि पालिकेचं कलम : सर. झुरळ : कंपनीचे साहेब, शेऱ्यासकट. उंदीर-घूस : मामा. धुरी : न्हावाशेवा. पुरळ : डॉक्टर बाई. मोहोळ : काका. परदेशी पेट्यांतून आलेल्या लाकडातल्या किड्यासाठी शिवडीच्या हाजी बंदर रोडवरच्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) केंद्रात कुणी बोलतं का, ते वाशी बघणार आहे. जुन्या पोथ्या-पुस्तकांतल्या कसरीचा प्रश्न दोनदा आला, तिथे रकाना रिकामा.

कार्डांच्या डब्यातलं एकही नाव वहीत आलं नाही. दादा म्हणतात, डबा टाकू नका, कार्डावर सोललेला लसूण छान ठेवता येतो.

ओळखीचे बाकीचे पेस्ट कंट्रोलवाले वही मागताहेत. द्यायची नाही असं ठरलं, निदान नंबरांसकट नाही. मामांना दिवसा झोपू द्यायला हवं. प्रश्न आमच्याकडे यावा, नमुन्यासह, पट्टी ठेवलेल्या फोटोसह. आमच्यापैकी ज्याची ती ओळख असेल तो पुढे विचारेल. विचारणाऱ्याने मानधन आधी मान्य करायचं. यावर 'तुम्ही दलाली करता' असा एक मेसेज आला, त्याला वहिनींनी उत्तर दिलं नाही. मी देणार होते.

पुढची बैठक दसऱ्यानंतर, भांडुपला. सरांनी त्यांचा जुना मायक्रोस्कोप द्यायचं कबूल केलंय. तो कुणाकडे राहणार आणि बल्ब कोण बदलून आणणार, ते तिथे ठरेल.